टायगरबेल्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी राज्य विद्यापीठाच्या (नॅशव्हिल) महिला ॲथलेटिक्स संघाचे रूढ नाव. या विद्यापीठाचे क्रीडासंघ ‘टायगर्स’ म्हणून ओळखले जातात. त्याला ‘बेल’ म्हणजे रूपवती, कुलीन तरुणी हा शब्द जोडून ‘टायगरबेल्स’ हे नाव सिद्ध झाले. दक्षिणेकडील राज्यांत ‘बेल’ हा शब्द प्रायः सुखवस्तू गोऱ्या घराण्यांतील मुलींना लावीत. तो येथे कृष्णवर्णीय व बहुधा गरीब घरांतील मुलींच्या संघाला लावला गेला, हे लक्षणीय आहे. १९५० पासून चार दशकांहून अधिक काळ एडवर्ड (एड) टेंपल (२० सप्टेंबर १९२७–२२ सप्टेंबर २०१६) हे या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या ४० खेळाडू ऑलिंपिक क्रीडासामन्यांत उतरल्या आणि त्यांनी १३ सुवर्ण, ६ रौप्य व ४ ब्राँझ अशी एकूण २३ पदके मिळविली. रिले शर्यतीतील प्रत्येक धावपटूचे पदक या गणनेत स्वतंत्र धरले आहे.

पार्श्वभूमी : कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी १९१२ मध्ये नॅशव्हिल येथे सुरू झालेल्या कृषी व औद्योगिक शिक्षणसंस्थेचे हे विद्यापीठ म्हणजे विकसित रूप होय. त्या काळी अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत स्त्रियांच्या मैदानी स्पर्धांना जवळजवळ स्थान नव्हते. श्रमाच्या खेळांनी स्त्रीत्वास बाध येतो, असा समज सुशिक्षित वर्गातही दृढ होता. अशा परिस्थितीत अलाबामा राज्यातील टस्कीगी आणि त्यानंतर टेनेसी या दोन कृष्णवर्णीय शिक्षणसंस्थांनी मुलींच्या धावण्याच्या शर्यतींना आश्रय दिला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये टेनेसीच्या ऑड्री पॅटरसनने २०० मी. शर्यतीत ब्राँझपदक मिळविले. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन महिला होय.

टेंपल यांनी संघाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा साधनसामग्री तुटपुंजी होती. धावमार्ग अपुरा होता आणि प्रशिक्षकपदाबरोबर त्यांना विद्यापीठाच्या आवारातील टपाल कार्यालयही सांभाळावे लागे. खेळाडूंना क्रीडाशिष्यवृत्ती नव्हती. आवारात रोज काही तास काम करून त्या आपले शुल्क भागवीत. स्पर्धांसाठी मोटारीने शेकडो किमी. प्रवास करावा लागे. वंशभेदाच्या कायद्यांमुळे वाटेतील उपाहारगृहे व स्वच्छतागृहे त्यांना बंद असत. म्हणून शिधा बरोबर बांधून घेऊन रस्त्याच्या कडेलाच जेवण उरकण्याची त्यांची रीत होती.

प्रशिक्षणपद्धती : टेंपल यांच्या यशाचे मुख्य साधन म्हणजे त्यांचे उन्हाळी शिबिर होय. माध्यमिक शाळांतील होतकरू मुली हेरून ते त्यांना उन्हाळ्यात नॅशव्हिलला आणीत. दिवसातून तीन वेळा सराव होई. शर्यतीची सुरुवात आणि रिले शर्यतीतील बॅटनची देवघेव यांवर विशेष भर असे. शिबिरातील शाळकरी मुली महाविद्यालयीन धावपटूंबरोबर धावत. त्यामुळे एक पिढी दुसऱ्या पिढीला घडवीत असे. या परंपरेत मे फॅग्ज हिला थोरल्या बहिणीचे स्थान होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीचे सुवर्णपदक मिळवून ती टेनेसीत दाखल झाली. तीन ऑलिंपिक सामन्यांत (१९४८, १९५२, १९५६) धावलेली ती पहिली अमेरिकन महिला होय.

शिस्त कडक होती. वसतिगृहात परतण्याच्या वेळा, वर्गातील उपस्थिती, पोशाख व सभ्य वर्तन यांबाबत टेंपल कोणतीही सवलत देत नसत. शर्यत संपल्यावर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसमोर नीटनेटके होऊन जावे, हाही त्यांचा दंडक होता. खेळामुळे मुली पुरुषी होतात, या आक्षेपाला दिलेले ते उत्तर होते. मात्र त्यामुळे या मुलींना धावण्याबरोबर आपले स्त्रीत्वही सिद्ध करावे लागे. पदकांपेक्षा पदवीला टेंपल यांनी अधिक मोल दिले. त्यांच्या ४० ऑलिंपिक खेळाडूंपैकी एक वगळता सर्वांनी पदवी संपादन केली.

ऑलिंपिकमधील कामगिरी : १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ४ × १०० मी. रिले शर्यतीत धावलेल्या अमेरिकेच्या चौघीही टेंपल यांच्या शिष्या होत्या : मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, विल्मा रूडॉल्फ व इझाबेल डॅनिएल्स. त्यांनी ब्राँझपदक मिळविले. रूडॉल्फ त्या वेळी १६ वर्षांची शाळकरी मुलगी होती.

१९५८ पासून अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्यात द्विराष्ट्रीय ॲथलेटिक्स सामने सुरू झाले. रशियाचे प्रतिनिधी स्त्री-पुरुषांच्या गुणांची एकत्र बेरीज करीत. त्यामुळे स्त्रियांच्या स्पर्धांकडे दुर्लक्ष करणे अमेरिकेला परवडेनासे झाले आणि शीतयुद्धाच्या त्या स्पर्धेत या लहान विद्यापीठाचे महत्त्व वाढले. १९६० व १९६४ या दोन्ही ऑलिंपिक सामन्यांसाठी अमेरिकेच्या महिला संघाचे प्रशिक्षक म्हणून टेंपल यांचीच नेमणूक झाली.

विल्मा रूडॉल्फ (२३ जून १९४०–१२ नोव्हेंबर १९९४) ही टायगरबेल्समधील सर्वांत प्रसिद्ध धावपटू. टेनेसीतील क्लार्क्सव्हिलजवळ एका गरीब कुटुंबात २२ भावंडांपैकी विसावे अपत्य म्हणून तिचा जन्म झाला. बालपक्षाघाताने (पोलिओ) तिचा पाय अधू झाला होता व कित्येक वर्षे तिला धातूच्या आधारपट्ट्या बांधाव्या लागत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने १०० मी., २०० मी. आणि ४ × १०० मी. रिले या तिन्ही शर्यती जिंकल्या. एकाच ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सची तीन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली. रिले संघातील इतर तिघी—मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स व बार्बरा जोन्स—याही टेनेसीच्याच होत्या. या चौघींनी पात्रता शर्यतीत ४४.४ से. असा विश्वविक्रम नोंदविला. अंतिम शर्यतीत बॅटनची अखेरची देवघेव नीट साधली नाही. तरीही रूडॉल्फने मागून येऊन विजय मिळविला. ऑक्टोबर १९६० मध्ये क्लार्क्सव्हिलने तिचा सत्कार योजिला. गोरे व काळे यांना वेगवेगळे बसविल्यास आपण येणार नाही, अशी अट तिने घातली. त्यामुळे तेथील मिरवणूक व मेजवानी हे त्या गावातील वंशभेदरहित असे पहिलेच सार्वजनिक समारंभ ठरले.

१९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये जॉर्जिया राज्यातून आलेल्या दोन टायगरबेल्समध्येच १०० मी. शर्यतीची चुरस झाली. वायोमिया टायसने सुवर्ण व इडिथ मॅग्वायरने रौप्यपदक मिळविले. पात्रता फेरीत टायसने रूडॉल्फच्या ११.२ से. या विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. मॅग्वायरने २०० मी. शर्यत जिंकली आणि रिले शर्यतीत दोघींना रौप्यपदक मिळाले.

१९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये टायसने १०० मी. शर्यत ११.० से. अशा विश्वविक्रमी वेळात पुन्हा जिंकली. ऑलिंपिकमधील १०० मी. चे विजेतेपद लागोपाठ दुसऱ्यांदा मिळविणारी स्त्री-पुरुषांतील ती पहिलीच धावपटू होय. पुरुषांत ही कामगिरी १९८८ मध्ये कार्ल ल्यूइसने केली. टायसने रिले शर्यतीतही सुवर्णपदक मिळविले. टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस यांनी विजयमंचावर मूठ उंचावून केलेला वंशभेदाचा निषेध याच सामन्यांत गाजला. टायसने काळी तुमान घालून धाव घेतली आणि रिले संघाने आपली पदके त्या दोघांना अर्पण केली. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. निषेधाची आखणी करणाऱ्या पुरुष खेळाडूंनीही स्त्रियांशी विचारविनिमय केला नव्हता. याच वर्षी मॅडेलिन मॅनिंगने ८०० मी. शर्यत २ मि. ०.९ से. या ऑलिंपिक विक्रमासह जिंकली. स्त्रियांना झेपणार नाही म्हणून ही शर्यत १९२८ नंतर वगळण्यात आली होती व १९६० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मॅनिंगनंतर ही शर्यत अमेरिकन महिलेने जिंकण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

१९७२ मध्ये मॅनिंगने ४ × ४०० मी. रिले शर्यतीत व १९७६ मध्ये कॅथी मॅकमिलनने लांब उडीत रौप्यपदक मिळविले. १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये शँड्रा चीझबरोने दोन्ही रिले शर्यतींत सुवर्ण व ४०० मी. शर्यतीत रौप्यपदक पटकाविले. पुढे १९९४ मध्ये टेंपल यांच्यानंतर तिनेच संघाची सूत्रे स्वीकारली.

ऱ्हास व महत्त्व : शासकीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी करणारा संघराज्यीय कायदा १९७२ मध्ये संमत झाला. परिणामी मोठी व संपन्न विद्यापीठे मुलींना क्रीडाशिष्यवृत्त्या देऊ लागली. वंशभेदाचे निर्बंध आधीच शिथिल झाले होते. पूर्वी केवळ नॅशव्हिलकडे वळणाऱ्या गुणी कृष्णवर्णीय मुलींपुढे आता अनेक पर्याय खुले झाले आणि टेनेसीचे वर्चस्व ओसरले. इतरांनी नाकारलेल्या मुलींना संधी देण्यात या संघाचे बळ होते. या मुलींनी मिळविलेल्या यशाने स्त्रियांच्या क्रीडागुणांविषयीचा संशय दूर करण्यास साहाय्य केले. मात्र ती संधी सर्वत्र उपलब्ध होताच संघाचे वेगळेपण संपले. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या धावमार्गाला टेंपल यांचे नाव देण्यात आले आणि २०१५ मध्ये नॅशव्हिल शहरात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.