चिमटीची थेट वाट

अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या मांसल भागावर, हाताच्या पाठच्या बाजूने, दुसऱ्या हाताचं बोट टेकवा. आता रांगोळीची चिमूट धरल्यासारखी ती दोन बोटं एकमेकांवर दाबा. बोटाखाली एक छोटा स्नायू टणक होताना जाणवेल. त्याला आकुंचन पावायला लावणाऱ्या चेतापेशी मानेच्या तळाशी, मज्जारज्जूत असतात. त्यांना हुकूम देणाऱ्यांपैकी काही पेशी मात्र थेट मेंदूच्या पृष्ठभागावर, मोटर कॉर्टेक्समध्ये बसलेल्या असतात. मधे आणखी कुणी नाही. मेंदूचा पृष्ठभाग ते बोटाचा स्नायू या अंतरात अवघ्या दोन पेशी!

मेंदूच्या दृष्टीने ही चैनच म्हणायला हवी. मेंदूच्या पृष्ठभागावरून मज्जारज्जूकडे उतरणारे तंतू प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख. मेंदूच्या देठाशी त्यांतले बहुतेक बाजू बदलतात, म्हणून डावा मेंदू उजवा हात हलवतो. पण खाली पोचल्यावर बरेचसे तंतू मज्जारज्जूतल्या मधल्या पेशींशी बोलतात आणि त्या पेशी पुढचं काम बघतात. मांजरात आणि उंदरात सगळा कारभार असाच मध्यस्थांमार्फत चालतो. माकडांमध्येही फरक आहे. मार्मोसेटसारख्या चिमुकल्या माकडात थेट जोडण्या जवळपास नाहीतच. बोटांनी बारीकसारीक वस्तू उचलणाऱ्या कॅपुचिन माकडात मात्र त्या भरपूर आहेत.

ही थेट वाट नेमकं काय देते, याचा धडा १९६८ साली मिळाला. लॉरेन्स आणि कायपर्स या संशोधकांनी ऱ्हीसस माकडांमध्ये मेंदूकडून उतरणारा हा तंतूंचा जुडगा दोन्ही बाजूंनी कापला. माकडं लुळी पडतील असं वाटेल, पण काही आठवड्यांत ती चालू लागली, पिंजऱ्याच्या गजांवर चढू लागली. गेली ती मुख्यतः बोटांची सुटी हालचाल. छोट्या खळग्यातला खाऊ दोन बोटांनी उचलणं त्यांना पुन्हा कधीच जमलं नाही. सगळी बोटं एकदमच मिटायची. आणखी एक निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. चढताना गजावरची पकड ती सहज सोडत, पण हातात आलेला खाऊ सोडवताना त्यांची तारांबळ उडे. हात तोच, स्नायू तेच. चढण्यासाठी मूठ उघडणं मेंदूच्या देठातल्या जुन्या वाटांनी सांभाळलं, खाऊ सोडण्यासाठी बोटं उघडणं त्यांना झेपलं नाही.

म्हणजे ही वाट ताकदीसाठी नाहीच. १९८३ मध्ये म्यूर आणि लेमन यांनी माकडाच्या मोटर कॉर्टेक्समधल्या, हाताच्या स्नायूंशी जोडलेल्या एकेका पेशीचे विद्युतसंदेश टिपले. माकड हलक्या चिमटीत वस्तू धरे तेव्हा या पेशी जोरात बोलत. तेच माकड पूर्ण मुठीत जोर लावे, तोच स्नायू अधिक काम करी, तेव्हा यांतल्या अनेक पेशी जवळपास गप्प! एका बोटाला हलवताना शेजारच्या बोटाला आवरून धरणं, हे त्यांचं खरं काम. तबल्यावर तर्जनी किनारीवर पडते आणि अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकून राहते, ती याच सुटेपणामुळे.

हा सुटेपणा आपण जन्मतः घेऊन येत नाही. तान्हं बाळ तळहाताला लागलेलं बोट अख्ख्या मुठीत पकडतं. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमाराला तेच बाळ जमिनीवरचा एकटा चुरमुरा अंगठा-तर्जनीत उचलू लागतं. कारण तोवर या तंतूंच्या जोडण्या बऱ्याच पक्क्या होत आलेल्या असतात.

पक्षाघातानंतर याचीच उलटी बाजू घरोघरी दिसते. खांदा उचलला जातो, मूठ वळते, नातेवाईक म्हणतात, ‘हात आला की!’ पण सदऱ्याचं बटण लागत नाही. पेशंट प्रयत्न करत नाही असा ठपका अशा वेळी ठेवला जातो, तो अन्यायाचा आहे. मूठ वळायला मेंदूच्या देठातल्या जुन्या वाटा मदत करतात. बटणासाठी त्या पुऱ्या पडत नाहीत.

थेट वाट शिल्लक आहे का, हे आता तपासता येतं. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून, चुंबकीय झटक्याने, कवटी न उघडता मोटर कॉर्टेक्स जागं करून दाखवलं. सुमारे वीस मिलिसेकंदांत हाताचा स्नायू उडतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी हीच चाचणी पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वापरली. हात अगदी निपचित पडलेला असतानाही स्नायूने या झटक्याला प्रतिसाद दिला, तर तो हात पुढे बऱ्यापैकी सुधारण्याची शक्यता चांगली असते, असं त्यांना आढळलं. फिजिओथेरपीत बोटांच्या बारीक कामांवर किती भर द्यायचा, हे त्यावरून ठरवता येतं.