क्रीडाजन्य इजा, पाऊल व घोटा यांच्या

खेळताना, धावताना किंवा शारीरिक चाचणीची तयारी करताना पाऊल व घोटा यांतील हाडे, सांधे, अस्थिबंध (दोन हाडांना जोडणारे चिवट तंतुमय पट्टे) व कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या तंतुमय दोऱ्या) यांना होणाऱ्या इजा. त्यांचे दोन वर्ग पडतात : एकाच आघाताने होणाऱ्या तीव्र इजा (उदा., मुरगळ, अस्थिभंग) आणि पुनःपुन्हा पडणाऱ्या ताणामुळे हळूहळू उद्‌भवणाऱ्या इजा (उदा., ताणजन्य अस्थिभंग, टाचदुखी). घोट्याची मुरगळ ही खेळाडूंत सर्वांत अधिक आढळणाऱ्या इजांपैकी एक आहे. तिच्यापासून जीविताला धोका नसल्याने ती क्षुल्लक समजली जाते. परंतु चिकित्सा अपुरी राहिल्यास सांधा ढिला पडतो, वारंवार मुरगळतो व कालांतराने त्यातील उपास्थी (कूर्चा) झिजते. अनेक होतकरू खेळाडूंचा खेळ मोठ्या इजेमुळे नव्हे, तर अशा दुर्लक्षित मुरगळीमुळे सुटतो.

शरीररचना : नडगीचे हाड व तिच्या बाहेरील बारीक हाड यांच्या खालच्या टोकांमध्ये घोटास्थी खुंटीसारखे बसलेले असते. प्रत्येक पावलात २६ हाडे असतात व ती कमानीसारखी रचलेली असतात. घोट्याच्या बाहेरील बाजूस तीन अस्थिबंध असून त्यांतील पुढचा सर्वांत दुर्बल असतो. आतील बाजूचा पट्टा रुंद व बळकट असतो. बाहेरील हाडाचे टोकही आतल्यापेक्षा खाली उतरलेले असते. यामुळे पाऊल आत वळणे सोपे व बाहेर वळणे कठीण असते आणि बहुतेक मुरगळींत बाहेरील अस्थिबंधच ताणले किंवा तुटले जातात. चवडा खाली असताना सांधा अधिक सैल असतो. म्हणून उडीनंतर जमिनीवर उतरण्याचा क्षण विशेष धोक्याचा ठरतो.

कारणे : खेळाचे स्वरूप व मैदान या दोहोंवर इजेचा प्रकार अवलंबून असतो. खो-खोमध्ये बसलेला खेळाडू खो मिळताच वेगाने उठतो, खांबाला वळसा घालतो व हुलकावणी देणाऱ्याच्या मागे एकदम दिशा बदलतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला गेला, की पाऊल जागीच जखडते व शरीर मात्र फिरते. अशा वेळी नडगीची दोन हाडे एकत्र बांधणारे वरचे अस्थिबंध तुटू शकतात. ही ‘वरची मुरगळ’ सूज कमी दाखवते, पण बरी होण्यास नेहमीच्या मुरगळीपेक्षा पुष्कळ अधिक काळ घेते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे पुढचे पाऊल प्रत्येक चेंडूला जोराने आदळते.

मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशात जमिनीचा विचार महत्त्वाचा आहे. तेथील काळी कसदार माती पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसते; उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात, तर पावसाळ्यात ती निसरडी होते. भेगेत चवडा अडकणे, ढेकळावर पाऊल कलंडणे व रिकाम्या शेतात अनवाणी धावताना धसकट रुतणे हे प्रकार यातूनच घडतात. जिल्ह्यात लांब पल्ल्याच्या धावण्याची आवडही आहे. परभणीच्या ज्योती गवते या २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत प्रथम आल्या. याखेरीज पोलीस भरतीसाठी असंख्य तरुण-तरुणी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. या भरतीत पुरुष शिपायांसाठी १,६०० मी. व महिलांसाठी ८०० मी. धाव असते. भरतीची जाहिरात निघाल्यावर थोड्या आठवड्यांत सराव एकदम वाढविणे हे ताणजन्य इजांचे प्रमुख कारण होय.

प्रमुख प्रकार : मुरगळीच्या तीन श्रेणी मानतात. पहिलीत अस्थिबंध केवळ ताणला जातो; दुसरीत तो अंशतः तुटतो व सूज आणि काळेनिळेपणा येतो; तिसरीत तो पूर्ण तुटतो व सांधा अस्थिर होतो.

मुरगळीच्याच आघाताने करंगळीच्या रेषेतील पावलाच्या लांब हाडाचा मागचा भाग मोडू शकतो. ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांना नाचताना स्वतःलाच अशी इजा झाली व १९०२ मध्ये त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या भागातील काही अस्थिभंग रक्तपुरवठा तोकडा असल्याने लवकर जुळत नाहीत.

ताणजन्य अस्थिभंगात हाड एका आघाताने न मोडता सततच्या भाराने त्याला सूक्ष्म चीर पडते. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये दीर्घ संचलन करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले, ते याच विकाराचे होय. धावताना वाढणारी, विश्रांतीने थांबणारी व हाडावरील एका बिंदूवर बोट ठेवताच जाणवणारी वेदना हे याचे लक्षण आहे. अपुरा आहार व मुलींत पाळी अनियमित होणे यांमुळे हाड दुबळे होऊन धोका वाढतो.

टाचेमागील जाड कंडरा (अकिलीझ कंडरा) तुटताना कोणी मागून लाथ मारल्यासारखे वाटते. पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर ती तुटली असे समजावे. तळव्यातील तंतुमय पडद्याच्या विकारात सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलांना टाच दुखते. अंगठ्याखालील वाटाण्याएवढी दोन हाडेही दुखावतात. पायाच्या अंगठ्याच्या इजेमुळेच सचिन तेंडुलकर यांना २००१ मधील श्रीलंका दौऱ्याला मुकावे लागले.

निदान : प्रत्येक मुरगळीला क्ष-किरण चित्राची गरज नसते. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले नियम यासाठी जगभर वापरले जातात. इजेनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे, किंवा आतल्या अथवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागील कड वा टोक दाबल्यास दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास घोट्याचे चित्र काढावे. करंगळीच्या रेषेतील लांब हाडाचा मागचा भाग किंवा पावलाच्या कमानीतील आतल्या बाजूचे नौकाकार हाड दाबल्यास दुखत असेल, तर पावलाचे चित्र काढावे. जेथे क्ष-किरण यंत्रासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, तेथे क्रीडाशिक्षकाला हे नियम माहीत असणे उपयुक्त ठरते. पाऊल वाकडे दिसणे, थंड किंवा बधिर पडणे अथवा हाड उघडे पडणे ही चिन्हे असल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. ताणजन्य अस्थिभंग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्रात दिसत नाही. म्हणून चित्र निर्दोष असले, तरी वेदना टिकल्यास धावणे थांबवावे.

चिकित्सा : सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा व हाडे मोडण्याचे बारा प्रकार वर्णिले असून बांधणीचे विवेचन आहे. ग्रामीण भागात हाडवैद्याकडून पाय ‘बसवून’ घेण्याची रीत आजही आढळते. मुरगळीत मात्र बसविण्यासारखे काही निखळलेले नसते. ताज्या इजेत पाय ओढल्याने अर्धवट तुटलेला अस्थिबंध पूर्ण तुटू शकतो व न सरकलेला अस्थिभंग सरकतो. चोळण्याने व शेकण्याने आतील रक्तस्राव वाढतो. पहिले दोन-तीन दिवस या गोष्टी टाळाव्यात.

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी व पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया मंदावू शकते, असे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले. आता बर्फ केवळ वेदना कमी करण्यासाठी, कापडात गुंडाळून सुमारे १५ मिनिटे लावतात. लवचिक पट्टी बांधावी. बोटे निळी पडल्यास ती सैल करावी.

अस्थिभंग नसल्यास पाय दीर्घकाळ प्लास्टरमध्ये ठेवणे हितावह नसते. आधारपट्टा बांधून सोसेल तितका भार लवकर देणे व घोट्याची हालचाल सुरू करणे हे अधिक गुणकारी ठरले आहे. त्यानंतर टाचा उचलणे, पाऊल बाहेर वळविण्याचा व्यायाम व एका पायावर तोल सांभाळणे या क्रमाने जावे. अस्थिबंधातील संवेदी चेतातंतू पावलाची स्थिती मेंदूला कळवितात. इजेत हे ज्ञान मंदावते व ते केवळ विश्रांतीने परतत नाही. म्हणून वेदना थांबल्यावरही तोलाचे व्यायाम काही आठवडे चालू ठेवावे लागतात. शस्त्रक्रिया क्वचितच, मुख्यतः व्यायामानंतरही सांधा अस्थिर राहिल्यास किंवा हाडे सरकली असल्यास करतात.

खेळात पुनरागमन : दिवस मोजून नव्हे, तर पायाची क्षमता पाहून खेळास परवानगी द्यावी. इजा झालेल्या पायावर न दुखता उड्या मारणे, वेगाने धावून थांबणे व आठाच्या आकड्यात धावणे ही साधी चाचणी कोणत्याही मैदानावर घेता येते. पुण्याजवळील गहुंजे येथे १९ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकातील बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात स्वतःच्या गोलंदाजीवर चेंडू पायाने अडविताना हार्दिक पंड्या यांचा डावा घोटा दुखावला. षटकातील उरलेले तीन चेंडू विराट कोहली यांना टाकावे लागले. सर्व वैद्यकीय सोयी हाताशी असूनही पंड्या त्या स्पर्धेत पुन्हा खेळू शकले नाहीत. तालुक्याच्या स्पर्धेत मात्र मुरगळलेला पाय घट्ट बांधून दुसऱ्याच दिवशी खेळाडूला उतरविले जाते. अशा वेळी संघाच्या निकडीपेक्षा सांध्याचा विचार आधी व्हावा.

प्रतिबंध : पूर्वी मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो; अशा खेळाडूने आधारपट्टा वापरावा व तोलाचे व्यायाम नित्य करावेत. सामन्यापूर्वी अंग गरम करणे, मैदानातील भेगा मातीने बुजवून पाणी मारून चोपणे, झिजलेले बूट बदलणे व धावण्याचे अंतर टप्प्याटप्प्याने वाढविणे हे उपाय अल्पखर्ची आहेत. अनवाणी खेळणाऱ्यांनी धनुर्वाताची लस घेतलेली असावी. चटईवजा आच्छादनावर (मॅटवर) होणाऱ्या सामन्यांत पायाची पकड मातीपेक्षा वेगळी असते. म्हणून मातीवर सराव करणाऱ्या संघांना स्पर्धेपूर्वी मॅटवर सरावाची संधी मिळणे इष्ट असते.