आठ, सहा, चार

संपादकांनी दिलेलं काम साधं होतं: पदवीनंतर मुंबई विद्यापीठात काय काय शिकता येतं, ते सांगायचं. पाली, समाजशास्त्र, जीवभौतिकी, कायदा, आफ्रिका अभ्यास... यादी लांबलचक आहे आणि संकेतस्थळावर कुणालाही सापडेल. मी अडकलो पीएचडीच्या एका नियमात.

त्याआधी थोडा इतिहास. विद्यापीठ १८५७चं, पण सुरुवातीला ते परीक्षा घेण्यापुरतंच; शिकवायचं महाविद्यालयांनी. स्वतःचे विभाग पुढे आले. समाजशास्त्राचा विभाग १९१९मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि १९२४पासून मालवणच्या गो. स. घुर्यांनी सांभाळला. इरावती कर्वे यांनी एमएचा प्रबंध त्यांच्याच हाताखाली लिहिला, एम. एन. श्रीनिवासही घुर्यांचेच विद्यार्थी. एक जाणता शिक्षक आणि त्याच्या हाताखालचे मोजके विद्यार्थी, पीएचडी आजही एवढ्यावरच चालते.

हे ‘मोजके’ म्हणजे किती, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमावलीत लिहिलंय. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. गाइड कायम नेमणुकीतलाच हवा. त्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नियम चुकीचा नाही. एकेकाळी एकेका गाइडकडे किती भाऊगर्दी असे, ते जुन्या लोकांना विचारा.

पण आता हिशेब करा. एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की पीएचडीच्या आठ जागा गेल्या. त्याचे तास घ्यायला तासिका तत्त्वावर माणूस मिळतो. एमएचे वर्ग सुरू राहतात, वेळापत्रकात काहीच खोट दिसत नाही. तासिकेवरचा हा माणूस मात्र कितीही विद्वान असला, तरी गाइड होऊ शकत नाही. राज्यातल्या विद्यापीठांत रिकाम्या पदांची ओरड वर्षानुवर्षं चालू आहे. तिचा खरा फटका इथे बसतो.

वर घड्याळही चालू असतं. नेट या पात्रता परीक्षेतून ‘फक्त पीएचडी’ गटात पात्र ठरलेल्याचे गुण वर्षभरच चालतात. तेवढ्यात गाइड मिळाला नाही, तर पुन्हा परीक्षा. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळवणाऱ्याला महिना ३७,००० रुपये मिळतात खरे, पण तेही नोंदणी झाल्यावर. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करायला नियमाने मुभा आहे. तीही याच आठ, सहा, चारमधून.

माझ्या मते सरकारने नवे अभ्यासक्रम जाहीर करण्याआधी ही पदं भरावीत. आणि तुम्ही अर्ज करणार असाल, तर माहितीपत्रक बाजूला ठेवून विभागात जा. कायम शिक्षक किती, कुणाची निवृत्ती कधी, कुणाकडे किती जागा रिकाम्या, हे आधी विचारा. विषय त्यानंतर ठरवा.