कपाटाला कुलूप लावायचं राहिलं तेव्हा

रोममधल्या सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी एका इमारतीच्या खोलीत बालगृह सुरू झालं. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं जिने आणि भिंती खराब करत, म्हणून इमारतवाल्यांनीच ही सोय केली होती. जबाबदारी घेतली डॉ. मारिया माँटेसरी यांनी. शिकण्याचं साहित्य उंच कपाटात कुलूपबंद असे. वर्गातल्या बाई ते काढून वाटत आणि शेवटी आवरून ठेवत. एकदा कुलूप घालायचं राहून गेलं आणि नेमका बाईंना यायलाही उशीर झाला. येऊन बघतात तर कपाट उघडं, आणि पोरं आपापल्या वस्तू काढून घेऊन चाललेली. बाईंना ही चोरी वाटली. माँटेसरींना वेगळंच दिसलं. काय कुठे असतं आणि आत्ता आपल्याला काय हवंय, हे त्या चिमुरड्यांना पक्कं ठाऊक होतं! त्यानंतर मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली.

मुलाला घरीच शिकवायचं ठरवलेल्या आईबापांसाठी मला ही घटना फार मोलाची वाटते. टेबल कुठलं, फळा केवढा, तक्ते कुठले, याआधी एक प्रश्न येतो: मुलाला न मागता काय घेता येतं? बैठकीच्या खोलीतल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले, तरी शाळा सुरू होते.

मुलं ज्याला हातच लावत नाहीत, असं साहित्य माँटेसरींनी हळूहळू काढून टाकलं. याला पुष्टी देणारं काम शंभरेक वर्षांनी झालं. २०१४ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे चित्रं-तक्त्यांनी भरलेल्या खोलीत दिले आणि काही जवळजवळ मोकळ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडे होतं, मोकळ्या खोलीत २८ टक्के. नंतरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं सजवलेल्या खोलीत ४२ टक्के आली, मोकळ्या खोलीत ५५. मुलं तीच होती. फरक भिंतींचा होता. टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसमोर एकदा १६ खेळणी ठेवली, एकदा चारच. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा सगळी पुस्तकं, सगळे ठोकळे एकदम मांडू नका. थोडं बाहेर ठेवा, बाकीचं माळ्यावर, आणि दर पंधरवड्याला अदलाबदल करा.

पण जे बाहेर ठेवायचं ते कसं असावं? माँटेसरींचा गुलाबी मनोरा बघा. लाकडाचे १० घन ठोकळे, सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १०. प्रत्येक पायरीला फक्त एक सेंटिमीटरची वाढ. तीन वर्षांचं मूल ते एकावर एक रचतं आणि चुकलं तर मनोराच वेडावाकडा दिसतो, कुणी ‘चुकलं’ म्हणावं लागत नाही. सगळे ठोकळे एका कोपऱ्याशी जुळवून रचले, तर प्रत्येक थराला उरणाऱ्या कडेवर तो चिमुकला ठोकळा चपखल बसतो. आणि ज्या ठोकळ्याची बाजू दहापट, त्याच्यात मावतात चिमुकल्यासारखे तब्बल १,००० ठोकळे! घनफळ हा शब्द कानी पडण्याच्या कितीतरी वर्षं आधी हाताला ते वजन माहीत झालेलं असतं.

असं साहित्य महाग पडतं, ही अडचण आपल्याकडे ताराबाई मोडकांना फार आधी जाणवली. त्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर राहिल्या. तिथे शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं. गुरं राखायला जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरली. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर असलेल्या अंगणवाडीची पाळंमुळं तिथली. मोठ्या खोलीवाचून अडलेल्या आईबापांनी कोसबाडची ही हकिगत जरूर वाचावी.

दोन खोल्यांच्या घरात एक सतरंजी पुरते. अंथरली की काम सुरू, गुंडाळली की जेवणाची पानं मांडायला जागा मोकळी. पाट समोर ठेवला तर बसलेल्या मुलाचं टेबल होतं. उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या डावीकडे खिडकी हवी, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. चिंचोके, गव्हले, राजमा वाट्यांत वेगवेगळे करायला दिले की वर्गीकरण आलं, बोटांची चिमूट पक्की झाली. मात्र अगदी लहान मूल तोंडात घालतं, तेव्हा समोर बसा.

सहा-सात वर्षांपुढे मात्र घरातला हा कोपरा अपुरा पडतो, कारण मूल आता फार लांबचं विचारू लागतं: डायनोसॉर कधी होते, त्याआधी काय होतं? तेव्हा सुतळीचा मोठा गुंडा घ्या आणि एक सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षं धरा. पृथ्वीचं वय सुमारे साडेचार अब्ज वर्षं, म्हणजे ४५ मीटर सुतळी. घरात मावणार नाही. सोसायटीच्या रस्त्यावर किंवा शेताच्या बांधावर जावं लागेल. एका टोकाला मुलाला उभं करा आणि चालायला लावा. बराच वेळ काहीच नाही, नुसते सूक्ष्म जीव. जवळपास चाळीस मीटर चालून झाल्यावर कुठे प्राण्यांची गर्दी सुरू होते. डायनोसॉर संपले ती गाठ शेवटून ६६ सेंटिमीटरवर. आणि माणूस, सगळा माणूस, त्याच्या शेती-लिपी-राज्यांसकट, शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये. तिथे मूल खाली वाकून बघतं आणि पट्टी मागतं.