तळ्याकाठी मुक्कामाला जाण्यापूर्वी

शीळफाट्याजवळ राहणारे एक वाचक विचारतात, ‘आम्ही चार मित्र दिवाळीनंतर सॅक पाठीला लावून डोंगरातल्या एखाद्या तळ्यावर दोन दिवस जाणार आहोत. गळ टाकायचा, मासे भाजायचे, तंबूत झोपायचे असा बेत आहे. बरोबर कोणती औषधे घ्यावीत?’

प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर औषधांच्या यादीपासून सुरू होत नाही. शीळफाट्यावर बोट कापले तर अर्ध्या तासात कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याचा दवाखाना गाठता येतो. डोंगरातल्या पाण्याकाठी तेच बोट कापले, तर आधी डांबरी रस्ता गाठावा लागतो. म्हणून अशा सहलीचे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर दवाखान्यापर्यंतच्या तासांमध्ये मोजावे.

बेत कसा आखावा?

उदाहरण म्हणून आपल्या भागातल्या मंडळींच्या नेहमीच्या वाटेचे घेऊ. कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी एस.टी. मुरबाड ओलांडून माळशेज घाट चढते. घाटमाथ्यावर पुढे खुबी फाट्याला उतरले की पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाव पाचएक किलोमीटरवर. एका बाजूला पुष्पावती नदीचे अडवलेले पाणी, दुसऱ्या बाजूला हरिश्चंद्रगडाचा डोंगर. खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे गडावरच्या मंदिरापर्यंत चढायला सामान घेऊन तीन ते चार तास लागतात.

चालीचा हिशेब करायला विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. सपाटीवर ५ किलोमीटरला १ तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी १ तास. हा धट्ट्याकट्ट्या माणसाचा वेग आहे. ओझे, ऊन आणि सवय नसलेले पाय धरून त्यात निम्मी भर घालावी. हिशेबात अंधार पडत असेल तर बेत बदलावा, वेग वाढवू नये.

गळ टाकण्याविषयीही आधीच चौकशी हवी. बहुतेक धरणांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थांना दिलेला असतो, तेव्हा स्थानिकांना विचारून, परवानगी घेऊनच बसावे. हरिश्चंद्रगड मात्र १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे मासेमारी करू नये. गडावरची पुष्करणी आणि केदारेश्वराच्या गुहेतले पाणी तर श्रद्धेचे आहे. त्यात गळ टाकणे दूरच, हातपायही धुऊ नयेत.

पावसाळा या बेताला वाईट. घाटात दरडी कोसळतात, ओढे तासाभरात फुगतात आणि माशांच्या विणीचाही तोच काळ असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे, पण रात्रीची थंडी बोचरी असते. ओले कपडे अंगावर ठेवून झोपू नये.

निघण्यापूर्वी एका कागदावर कोण जाणार, कोणत्या वाटेने आणि केव्हा परतणार हे लिहून घरी द्यावे. डोंगरात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. ‘रविवारी रात्री दहापर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा’ एवढे एक वाक्य कोणत्याही औषधापेक्षा मोलाचे ठरू शकते.

पाठीवर काय असावे?

ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. ६० किलोच्या माणसाने १२ किलोवर थांबावे. मधुमेह, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी रोजची औषधे दोन दिवस पुरून उरतील इतकी आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. चालताना छातीत दुखणाऱ्याने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हा बेतच करू नये.

तळ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते आधी फडक्याने गाळावे आणि खळखळून उकळावे. उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. क्लोरीनच्या गोळ्या वापरल्यास पाकिटावरचे प्रमाण पाळून अर्धा तास थांबावे. जुलाब लागल्यास १ लिटर उकळलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. चमचा चहाचा, लहान घ्यावा.

डब्यात पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटे, जंतुनाशक मलम, गॉज, चिकटपट्टी, रुंद पट्टी, कात्री आणि चांगली बॅटरी असावी. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले हे आठवत नसेल तर ते निघण्यापूर्वीच घ्यावे.

पाण्याकाठचे धोके

पहिला धोका बुडण्याचा. धरणाचा तळ एकसारखा उतरत नाही. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट खोल पाण्यात पडते आणि गाळात पाय रुततो. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नये, दोरी तोडावी. दारू पिऊन पाण्याजवळ जाऊ नये. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी न मारता दोर, काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे फेकावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे चूक आहे. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे. हे निदान एकाने आधी शिकून घ्यावे.

गळाचा काटा बोटात शिरला तर ओढू नये. टोकाजवळच्या उलट्या दातामुळे मांस फाटते. दोरी कापावी, काटा आहे तसा पट्टीने स्थिर करावा आणि दवाखाना गाठावा. डोळ्याजवळच्या काट्याला तर हातही लावू नये.

सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार महत्त्वाचे. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस या चौघांच्या विषावर चालते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे हीच खूण असते. म्हणून तंबूची चेन पूर्ण लावावी आणि बूट झटकून घालावेत. दंश झाल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अंगठी, घड्याळ काढावे, चावलेला भाग काठी बांधून स्थिर करावा आणि रुग्णाला चालू न देता उचलून न्यावे. रस्त्याला लागताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

लाल विंचवाच्या दंशानंतर खूप घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे सुरू झाले तर तो केवळ वेदनेचा प्रश्न राहत नाही, हृदयावर परिणाम होऊ लागलेला असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरून अनेक जीव वाचवले. ते औषधही रुग्णालयातच द्यायचे असते.

घरी परतल्यानंतर

सर्वांत जास्त विसरला जाणारा धोका घरी आल्यावर उभा राहतो. उंदीर, गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसराने हा आजार चांगलाच अनुभवला. पण तो पुरापुरताच नाही, तळ्याकाठच्या चिखलातूनही होऊ शकतो. म्हणून जखम झाकावी आणि अनवाणी चिखलात उतरू नये.

ताप येतो तो बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, कधी महिन्याभरानेही. तोवर सहल विसरलेली असते. थंडी वाजून ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे ‘साधा व्हायरल’ म्हणून अंगावर काढली जातात. मग कावीळ होते, लघवी कमी होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. वेळेवर निदान झाले तर साध्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो. मात्र डॉक्टरांना सहलीची माहिती नसेल तर त्यांच्या मनात ही शंका येईलच असे नाही. अशा तापात मनाने वेदनाशामक गोळ्या घेणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन काही जणांना देतात, पण तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

तेव्हा शीळफाट्याच्या मित्रांनी अवश्य जावे. डोंगरातले चालणे आणि तळ्याकाठची शांतता यांसारखे टॉनिक दुकानात मिळत नाही. फक्त जाण्यापूर्वी कागद घरी ठेवावा आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर दवाखान्यात पहिले वाक्य हे सांगावे : ‘डॉक्टर, मी अमुक दिवशी तळ्याच्या पाण्यात उतरलो होतो.’