घरगुती प्रिंटरची ‘ऑफलाइन’ अवस्था : कारणे व निदान

प्रिंटर चालू असतो, त्यावरील दिवा जळत असतो, कागदही भरलेला असतो. तरीही संगणकाच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे ‘ऑफलाइन’ असा शेरा दिसतो. अशा प्रसंगी बहुतेक लोक प्रथम ड्रायव्हर काढून पुन्हा बसवतात आणि त्यानेही भागले नाही, तर यंत्रच बिघडले असा निष्कर्ष काढतात. वस्तुतः हा शेरा प्रिंटरने दिलेला नसतो. संगणकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, एवढ्यावरून संगणकाने केलेले ते अनुमान असते. निरीक्षण आणि अनुमान यांतील हा भेद ध्यानी न घेतल्यामुळेच पुष्कळ श्रम व्यर्थ जातात.

या शब्दाचा मूळ अर्थ आजच्याहून निराळा होता. आयबीएम कंपनीचा 1401 हा संगणक 1959 मध्ये जाहीर झाला. मोठ्या संगणकाने चुंबकीय फितीवर उतरवलेली उत्तरे या लहान संगणकाकडे नेऊन छापून घेण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. मुख्य यंत्राशी जोडणी न ठेवता केलेले असे मुद्रण ‘ऑफलाइन’ म्हणवले जाई. तेव्हा ती एक सोयीची योजना होती. आज तोच शब्द तक्रारीचा झाला आहे.

विंडोज प्रणालीत वायफायवरील प्रिंटर पुष्कळदा टीसीपी-आयपी पोर्टाच्या द्वारे जोडलेला असतो. या व्यवस्थेत दोन वाटा असतात. छापावयाचा मजकूर सामान्यतः 9100 क्रमांकाच्या पोर्टाने जातो. प्रिंटरची खुशाली मात्र एसएनएमपी या संकेतपद्धतीने, 161 क्रमांकाच्या पोर्टावर विचारली जाते. ही दुसरी वाट काही कारणाने बंद असेल, तर पहिली मोकळी असूनही विंडोज प्रिंटरला ऑफलाइन ठरवते आणि काम रांगेत अडकवून ठेवते. पोर्टाच्या मांडणीत ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ या शब्दांपुढील खूण काढली, की ही विचारपूस थांबते व मुद्रण सुरू होते. कागद संपल्याची वर्दी त्यानंतर संगणकाला कदाचित मिळणार नाही. पण घरात, जेथे प्रिंटर डोळ्यांसमोरच असतो, तेथे हा तोटा क्षुल्लक मानावा.

याहूनही अधिक आढळणारे कारण पत्ता बदलण्याचे आहे. राउटर आपल्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राला डीएचसीपी पद्धतीने पत्ता देतो. हा पत्ता मालकीचा नसून मुदतीच्या भाड्याचा असतो. मुदत अर्धी उलटली, की यंत्राने ती वाढवून मागावी, असा सामान्य संकेत आहे. प्रिंटर आठ-पंधरा दिवस बंद राहिला, तर ही मागणी होत नाही. मुदत संपते आणि तो पत्ता एखाद्या मोबाइल फोनला मिळू शकतो. वीज जाऊन आल्यावर तर घरातील सारीच यंत्रे एकदम नव्याने पत्ता मागू लागतात, आणि जुन्या वाटपाची नोंद न ठेवणारा राउटर ते वाटप बदलून टाकतो. समजा, प्रिंटर 192.168.1.5 वरून 192.168.1.9 वर गेला. संगणकाच्या पोर्टात जुनाच पत्ता लिहिलेला असल्याने तो रिकाम्या घराचे दार ठोठावीत राहतो.

याची परीक्षा सोपी आहे. बहुतेक प्रिंटर आपल्याच बटणांवरून जाळ्याच्या माहितीचे एक पान छापू शकतात. त्यावरील पत्ता पोर्टातील पत्त्याशी ताडून पाहावा. तो ब्राउझरमध्ये लिहिल्यावर प्रिंटरचे स्वतःचे पान उघडले, तर संगणक आणि प्रिंटर यांचा संबंध शाबूत आहे व दोष केवळ पोर्टातील नोंदीत आहे, असे समजावे. नोंद दुरुस्त केल्याने तात्पुरते काम भागते. कायमचा उपाय राउटरमध्ये करावा लागतो : प्रिंटरच्या मॅक क्रमांकासाठी एक पत्ता राखून ठेवावा.

पान उघडलेच नाही, तर दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यात आहेत की नाहीत, हे पाहावे. अनेक घरगुती प्रिंटरांना 2.4 गिगाहर्ट्झचाच पट्टा कळतो. संगणक 5 गिगाहर्ट्झवर असणे हा स्वतः दोष नव्हे, कारण राउटर दोन्ही पट्टे सहसा एकाच जाळ्यात बांधतो. संगणक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ जाळ्यात असेल, तर मात्र प्रिंटर बहुधा दिसत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील नियतकालिके घरून वाचण्यासाठी व्हीपीएन चालू ठेवणाऱ्यांनी आणखी एक शक्यता ध्यानात घ्यावी. काही व्हीपीएन संगणकाची सर्व वाहतूक आपल्याकडे वळवतात आणि शेजारच्या टेबलावरील प्रिंटर अप्राप्य होतो. व्हीपीएन क्षणभर बंद करून पाहिल्यास याचा उलगडा होतो. रांगेच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ ही खूण चुकून पडली असेल, तर ती काढणे एवढेच पुरे.

दुरुस्ती होण्यापूर्वी रांग रिकामी करणे अगत्याचे आहे. उत्तर येत नाही म्हणून तीच आज्ञा चार वेळा दिली, तर संबंध पुन्हा जुळताच चारही प्रती छापल्या जातात, आणि तेही कदाचित जवळ कोणी नसताना. प्रबंधाच्या प्रकरणाबाबत यात कागदाचा नाश होतो. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेबाबत गोष्ट अधिक गंभीर आहे. रांगेतील काम साध्या रीतीने पुसले जात नसेल, तर ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा थांबवावी, विंडोजच्या ‘सिस्टिम32’ मधील ‘स्पूल’ फोल्डरात असलेल्या ‘प्रिंटर्स’ या फोल्डरातील फायली काढाव्यात, फोल्डर मात्र तसेच राहू द्यावे, आणि सेवा पुन्हा सुरू करावी.