गाभण शेळी आणि सगळ्यात मोठा ‘आहे’

8 सप्टेंबर 2025 ला मुलांच्या गोष्टींच्या ‘स्टोरीवीव्हर’ या साइटला दहा वर्षं झाली. त्याच आठवड्यात शेजारची सहावीतली मुलगी तिचा ‘माझे गाव’ हा प्रकल्प घेऊन आली. चार रंगीत पानं. चित्रात भरून वाहणारी नदी, काठाला नारळ, पलीकडे किराणा दुकान. दुकानाच्या पाटीला शिरोरेषा होती, तिच्याखाली देवनागरीसारखे आकारही होते, पण एक अक्षर लागेल तर शपथ. आमचं गाव दुष्काळी माण तालुक्यात. इथे ओढ्याला पाणी आलं की लोक बघायला जातात.

“हे कुठलं गं गाव?”

“मोबाईलनं दिलंय, आजोबा. लिहूनपण त्यानंच दिलं.”

खाली लाल शाईत शेरा होता : उत्कृष्ट. तो शेरा मला फार लागला.

आमच्या शिक्षकी नोकरीतली सुरुवातीची संगणकाची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं मिळवली, आणि एका संगणकावर टाइप केलेलं मराठी दुसऱ्यावर उघडलं की चिन्हांचा कचरा दिसायचा. युनिकोड रुळलं तेव्हा कुठे मुलांचं मराठी पडद्यावर धड दिसू लागलं.

खरी वर्षं 2010 ते 2020. जोनाथन फाइनबर्ग यांनी 2008 मध्ये ‘वर्डल’ सुरू केलं होतं. आत्ताचा पाच अक्षरांचा खेळ नव्हे. मजकूर टाकला की जास्त वेळा आलेला शब्द मोठा करून दाखवणारं ते शब्दचित्र. त्याच धर्तीच्या एका साइटवर मी सहावीचे ‘माझी आई’ निबंध टाकले. पहिल्या वेळी काना-मात्रा गळून पडल्या आणि ‘शाळा’चे ‘श’ आणि ‘ळ’ वेगळे झाले. दुसऱ्या साइटवर जमलं. मधोमध सगळ्यात मोठा शब्द आला ‘आहे’. त्याच्याखाली ‘करते’. ‘आई’ कोपऱ्यात, बारीक.

वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, सगळ्यांच्या आया नुसत्या ‘करते’च.” त्या दिवशी ‘करते’ हा शब्द वापरायचा नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी वह्यांमध्ये आई भाकरी थापत होती, तांदूळ निवडत होती, शेणाने सारवत होती, रोजगार हमीच्या कामावर माती उपसत होती. क्रियापदाचा इतका चांगला धडा मी खडूने कधी दिला नाही.

2015 मध्ये ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने स्टोरीवीव्हर खुलं केलं. चित्रं घ्या, त्यावर स्वतःची गोष्ट लिहा, दुसऱ्याची गोष्ट आपल्या भाषेत आणा. सगळं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, फुकट. शाळेत नेट चालत नसे, म्हणून मी दहिवडीहून पेनड्राइव्हवर चित्रं आणायचो आणि लोकवर्गणीतून घेतलेल्या प्रोजेक्टरवर दाखवायचो. एकदा झाडाखाली बसलेल्या शेळीचं चित्र लावलं. बहुतेकांनी लिहिलं, शेळी दमली, झोपली. धनगराचा एक पोरगा, जो वर्षभर कोरी वही देत होता, उभा राहिला. “गुरुजी, ही गाभण हाय. बसलीय कशी बघा.” त्याने पान भरून लिहिलं : जाळीची वाघर कुठे लावली, रात्री कोण जागं राहिलं, पिलू कसं चाटून कोरडं केलं. चित्रात यातलं काहीही नव्हतं.

याच वर्षांत एकेक साधन मिटत गेलं. फोटो सजवायचं ‘पिकनिक’ 2012 ला बंद झालं, ‘पिकासा’ 2016 ला. 2020 अखेर फ्लॅश हे साधनही गेलं आणि त्यावर उभी असलेली मुलांच्या कितीतरी चित्रकथांची पानं काळी पडली. एका परदेशी साइटवर आमच्या वर्गाच्या एकतीस गोष्टी होत्या. ती आधी पैसे मागू लागली, मग एके दिवशी उघडेनाशी झाली. आम्हाला कुणी कळवलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीची प्रत काढून शाळेच्या कपाटात ठेवायला लागलो. तपासणीला येणाऱ्या साहेबांना मात्र संगणकासमोर बसलेल्या मुलांचा फोटो हवा असायचा. दहा वर्षांत एकाही साहेबाने ते कपाट उघडायला सांगितलं नाही. आज वरून जे ‘उत्कृष्ट’ ठरतं, त्याचं मूळ मला तिथेच दिसतं : मुलं काय लिहितात, हे वाचायची सवयच आम्ही लावून घेतली नाही.

ती जुनी साधनं अर्धवट होती. एक नुसते शब्द मोजायचं, दुसरं नुसतं चित्र द्यायचं. उरलेलं अर्धं मुलाला स्वतः भरावं लागायचं, आणि तेच त्याचं लेखन होतं. आता चित्रही तयार येतं आणि गोष्टही, मग मुलाने भरायचं काय?

स्टोरीवीव्हर अजून चालू आहे, अजून फुकट आहे. सहावीला शिकवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनी या आठवड्यात त्यातलं एकच चित्र भिंतीवर लावावं, दहा मिनिटं काही बोलू नये, आणि पहिलं वाक्य मुलांना लिहू द्यावं.